अर्धा दाणा कुठे गेला?

आमच्या वरच्या मजल्यावर गणिताच्या एक बाई राहतात. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या बहुतेक शेजाऱ्यांसारखाच आमचा आणि त्यांचा संबंध जिन्यातल्या नमस्कारापुरता होता. आमची सकाळ लोकल गाठण्यात जाते, त्यांची शाळा गाठण्यात. एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र त्या दहा वह्या घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, ‘‘तुम्ही संशोधनवाले. जरा ह्या बघा. नववीच्या दहा गटांना एकच प्रयोग दिला होता. सात गटांचे उत्तर अगदी बरोबर आले आहे. दोघांचे जवळपास. ही एक मुलगी मात्र पार चुकली आहे. तिचे नेमके काय चुकले, तेवढे सांगा.’’

प्रयोग साधा होता. पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायचा. त्याच्या एका कोपऱ्यावर कंपासचे टोक ठेवून २० सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढायचा. मग चौरसावर न बघता तांदळाचे दाणे टाकायचे. चौरसाबाहेर पडलेले सोडून द्यायचे आणि चौरसात १०० दाणे होईपर्यंत टाकत राहायचे. शेवटी कंसाच्या आत किती दाणे पडले ते मोजायचे.

यातून पाय कसा मिळतो, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. (वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला पाय म्हणतात, हे मुलांना सांगताना दर वर्षी एक तरी मुलगा आपला पाय पुढे करून दाखवतो. त्याला इलाज नाही.) पाव वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले चार, आणि चौरसाचे क्षेत्रफळ त्रिज्येचा वर्ग. म्हणजे पाव वर्तुळाने चौरसाचा पाय भागिले चार इतका, सुमारे ७८.५ टक्के भाग व्यापला आहे. दाणे कुठेही सारख्याच शक्यतेने पडत असतील, तर साधारण तेवढेच टक्के दाणे कंसाच्या आत पडावेत. आतल्या दाण्यांच्या संख्येला एकूण दाण्यांनी भागून चाराने गुणले की पायची अंदाजी किंमत हाती येते. मोजपट्टी नको, दोरा नको, फक्त मोजता आले पाहिजे.

आम्ही वह्या उघडल्या. सात वह्यांत उत्तर होते ३.१४. दोहोंत ३.१६. आणि त्या मुलीच्या वहीत होते २.९६. बाईंनी तिला दहापैकी चार गुण दिले होते.

आम्ही बाईंना म्हटले, ‘‘ह्या दहांत ठामपणे चुकीची म्हणता येईल अशी उत्तरे सात आहेत. ती ३.१४ वाली.’’

बाईंना वाटले आम्ही चेष्टा करतो आहोत. पण हिशेब करून पाहा. दाणे १०० आहेत. आत ७८ पडले तर उत्तर येते ३.१२. आत ७९ पडले तर ३.१६. या दोहोंच्या मध्ये काहीही येऊ शकत नाही, कारण ७८ आणि ७९ यांच्या मध्ये दाण्यांची संख्या नाही. १०० दाण्यांवर ३.१४ हे उत्तर यायला आत साडेअठ्ठ्याहत्तर दाणे पडायला हवेत! पुढे बाईंनी वर्गात विचारले, तेव्हा एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, की एक दाणा रेषेवर होता म्हणून त्यांनी तो अर्धा धरला. बाकीच्या सहा गटांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती. पुस्तकात ३.१४ आहे, म्हणून वहीत ३.१४.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गुण उत्तराला मिळतात हे ती लहानपणापासून शिकत आली आहेत. तो अर्धा दाणा त्यांना आपणच टाकायला लावला होता.

आता त्या मुलीकडे वळू. तिचे आतले दाणे होते ७४. अपेक्षा ७८.५ ची. साडेचार दाण्यांचा फरक. हा मोठा म्हणायचा की लहान? येथे संख्याशास्त्राची थोडी मदत घ्यावी लागते, पण ती अकरावी-बारावीच्या पलीकडची नाही. प्रत्येक दाणा आत पडण्याची संभाव्यता ०.७८५ आणि बाहेर पडण्याची ०.२१५. असे १०० दाणे टाकले, तर आतल्या दाण्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन १००, ०.७८५ आणि ०.२१५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असते. गुणाकार येतो सुमारे १६.९ आणि त्याचे वर्गमूळ ४.१. याचा अर्थ, प्रयोग अगदी निर्दोष केला तरी आतल्या दाण्यांची संख्या सरासरीच्या मागेपुढे चार-एक दाण्यांनी हलणारच. तीनपैकी दोन वेळा ती साधारण ७४ ते ८३ मध्ये राहील, म्हणजे पायची किंमत २.९६ पासून ३.३२ पर्यंत कुठेही. तिसऱ्या वेळी याच्याही बाहेर. त्या मुलीचे ७४ दाणे या अपेक्षित पट्ट्यात आहेत. तिचे काहीही चुकले नव्हते.

उलट बाजूने पाहू. १०० दाण्यांच्या निर्दोष प्रयोगात नेमके ७८ किंवा ७९ दाणे आत पडण्याची, म्हणजे ३.१२ किंवा ३.१६ येण्याची शक्यता पाचात एक एवढीच आहे. दहा गटांपैकी दोघांचे उत्तर असे आले तर ते साहजिक आहे. दहापैकी नऊ गट जर ३.१४ च्या दोन शतांशांच्या आत आले, तर दाण्यांऐवजी पेन्सिलीने काम केले आहे असे समजावे. आकडे फार चांगले असणे हाही संशयाचा मुद्दा असतो, हे शाळेत सहसा सांगितले जात नाही.

लाझारिनीची सुई

अशा फार चांगल्या आकड्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांनी १७७७ मध्ये एक प्रश्न छापला. जमिनीवर समान अंतरावर समांतर रेषा आखल्या आहेत. त्यांवर सुई टाकली तर ती एखाद्या रेषेला छेदण्याची शक्यता किती? उत्तरात पाय येतो. तेव्हा सुई पुष्कळ वेळा टाकून, छेद मोजून, उलट पाय काढता येतो. १९०१ मध्ये मारिओ लाझारिनी या इटालियन गणितज्ञाने असा प्रयोग केल्याचे जाहीर केले. सुई अडीच सेंटिमीटरची, रेषांमधले अंतर तीन सेंटिमीटर, फेका ३४०८, छेद १८०८. त्यावरून पायची किंमत आली ३५५ भागिले ११३, म्हणजे ३.१४१५९२९. सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर!

पुष्कळ पुस्तकांत हा प्रयोग यादृच्छिक पद्धतीच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून येतो. आमच्या मते तो भलत्याच गोष्टीचा दाखला आहे. समजा एकच सुई निराळी पडली असती आणि छेद १८०८ ऐवजी १८०९ झाले असते. मग उत्तर आले असते ३.१३९८६. १८०७ झाले असते तर ३.१४३३३. म्हणजे एका सुईने उत्तर तिसऱ्या दशांश स्थळापासून बिघडते. शिवाय इतक्या फेकांत छेदांची संख्या २९ ने मागेपुढे होणे हेच स्वाभाविक आहे. नेमके १८०८ छेद पडण्याची शक्यता सुमारे ७० ते ७५ त एक. आणि मुळात ३४०८ हीच संख्या का? ती २१३ ची सोळा पट आहे, आणि १८०८ ही ११३ ची सोळा पट आहे. ३५५ भागिले ११३ हा अपूर्णांक आधीपासून माहीत होता. दर २१३ फेकांनंतर थांबून छेद जमले का ते पाहायचे, आणि जमले की प्रयोग संपवायचा, असे केले तर हे उत्तर आणता येते. लाझारिनीने नेमके काय केले हे सांगायला आज कोणी नाही. पण प्रयोग कधी थांबवायचा हे जर हाती येणाऱ्या उत्तराकडे पाहून ठरवले, तर ते उत्तर नशिबाचे न राहता आपलेच होते. नववीतल्या सात गटांनी अर्धा दाणा वापरला, लाझारिनीची सोळा पट त्याच जातीची दिसते.

येथे कोणी विचारेल, की इतका खटाटोप करून १०० दाण्यांत २.९६ ते ३.३२ च मिळणार असेल, तर ही पद्धत काय कामाची? प्रश्न रास्त आहे. दाणे वाढवले की उत्तर सुधारते, पण कंजूषपणे सुधारते. दाणे चौपट केले की चढउतार निम्मा होतो. १०० दाण्यांना उत्तरातला चढउतार ०.१६ आहे, ४०० दाण्यांना ०.०८, दहा हजारांना ०.०१६, दहा लाखांना ०.००१६. एक दशांश स्थळ वाढवायचे तर शंभर पट काम. ३.१४ मधला शेवटचा ४ भरवशाने सांगायचा असेल तर सव्वाचार लाखांहून जास्त दाणे लागतात. सेकंदाला एक या वेगाने रात्रंदिवस टाकत राहिले तर पाच दिवस. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने दिलेली किंमत ३.१४१६ होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत व्यवहारासाठी २२ भागिले ७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७ भागिले १२५० अशा दोन किमती दिल्या. त्यांतली दुसरी म्हणजे पुन्हा ३.१४१६ च. पायचे अंक हवे असतील तर दाण्यांच्या वाटेला जाऊ नये.

साधा आलेखकागदही दाण्यांपेक्षा बरा. ज्याचे केंद्र चौकटींच्या एका छेदबिंदूवर आहे असे दहा घरे त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ काढून आतले आणि रेषेवरचे छेदबिंदू मोजले तर ते ३१७ भरतात, म्हणजे ३.१७. वीस घरे घेतली तर १२५७, म्हणजे ३.१४२५. मग नशिबावर सोपवायचे कशाला?

कारण सगळेच प्रश्न कागदावर मावत नाहीत. वर्तुळाऐवजी दहा मितींतला गोल घ्या. डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करू नये, फक्त प्रत्येक बिंदूला दोनऐवजी दहा निर्देशांक आहेत असे समजावे. आता आलेखकागदाची युक्ती करायची तर प्रत्येक दिशेला दहाच घरे धरली तरी दहा अब्ज बिंदू तपासावे लागतील. दाण्यांच्या पद्धतीला मात्र मिती दोन आहेत की दहा याचे सोयरसुतक नसते. दाणे चौपट केले की चढउतार निम्मा, हा तिचा कंजूष नियम तेथेही तसाच राहतो, त्याहून वाईट होत नाही. अणुभट्टीच्या कवचातून एक न्यूट्रॉन जाताना तो कुठे आदळेल, कोणत्या दिशेला वळेल, किती ऊर्जा गमावेल, अशा टक्करींची मालिका म्हणजे असाच अनेक मितींचा प्रश्न असतो. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढता येईना, तेव्हा शंभर डाव खेळून सुटलेले मोजावेत असे त्यांच्या मनात आले, आणि तेच न्यूट्रॉनांना लावावे हेही. जॉन फॉन नॉयमन यांनी ती कल्पना उचलून धरली. १९४८ मध्ये एनिॲक या संगणकावर असे हिशेब झाले, आणि १९४९ मध्ये मेट्रोपोलिस व उलाम यांचा लेख प्रसिद्ध झाला. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून पद्धतीचे नाव पडले मॉन्टे कार्लो. आमच्या कामात ही पद्धत रोज लागते. शाळेत पायवर ती शिकवायची ती एवढ्यासाठी, की पायचे उत्तर आधी माहीत असते. त्यामुळे पद्धत कुठे फसते ते उघड्यावर दिसते.

बारीक दाणा, मोठा चौरस

आणि ती फसते. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीतल्या मुलांना घेऊन आम्ही व बाईंनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी गुण नव्हते, म्हणून अर्धा दाणाही नव्हता. दहा गटांनी शंभर-शंभर दाणे टाकले. आतले दाणे असे: ८४, ७९, ८१, ८६, ७७, ८२, ८०, ८३, ७८, ८५. बेरीज ८१५. पाय ३.२६.

हजार दाण्यांना चढउतार ०.०५ चा. आपले उत्तर ०.१२ ने जास्त आहे. असे निव्वळ नशिबाने होऊ शकते, पण क्वचित. शिवाय आकडे पाहा. ७७ आणि ७८ हे दोन सोडले तर सगळे एकाच बाजूला झुकलेले. काहीतरी ओढते आहे असे वाटले.

आम्ही मुलांना विचारले, ‘‘रेषेवरच्या दाण्यांचे काय केलेत?’’ एका सुरात उत्तर आले, ‘‘काका, रेषेला लागला की आत!’’ कबड्डीत, लगोरीत घासाघीस करून घटवलेला न्याय. सगळे पुठ्ठे अजून जागेवर होते, म्हणून पुन्हा मोजले. रेषेला लागलेले दाणे ३३ निघाले. आता नियम असा केला, की दाण्याचा मधला भाग ज्या बाजूला, त्या बाजूचा तो दाणा. त्या ३३ पैकी १७ बाहेर गेले. बेरीज झाली ७९८ आणि पाय ३.१९.

हे १७ दाणे कुठून आले ते समजून घेण्यासारखे आहे. तांदळाचा दाणा सहा मिलिमीटर लांब. ‘लागला की आत’ म्हटले, की कंसाची रेषा सगळीकडे सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास बाहेर सरकल्यासारखी होते. २० सेंटिमीटरची त्रिज्या म्हणजे जणू २०.२ झाली. त्या पट्टीत पडलेले दाणे फुकटात आत येतात. यामुळे पायची किंमत ३.१४ ऐवजी ३.२० च्या आसपास जाते. (रेषेला किती दाणे लागतील हा बुफाँच्या सुईचाच प्रश्न आहे, फक्त सुईच्या जागी तांदूळ.)

आता मुख्य गोष्ट. दाणे हजाराचे लाख केले तरी हे ३.२० तसेच राहील. चढउतार कमी होईल, पण तो कमी होईल ३.२० च्या भोवती. आपण अधिकाधिक खात्रीने चुकीचे उत्तर सांगू लागू. संख्याशास्त्रात या ओढीला अभिनती म्हणतात. चढउतार दाणे वाढवल्याने जातो, अभिनती जात नाही. तिच्यावर उपाय दोनच: रेषेचा नियम सुधारणे, नाहीतर आकृती मोठी करणे. चौरस ४० सेंटिमीटरचा केला आणि दाणा तोच ठेवला, तर तीच आळशी मोजणी ३.१७ च्या आसपास आणते. कारण बाजू दुप्पट केली की कड दुप्पट होते, पण क्षेत्रफळ चौपट होते. कडेवरच्या घासाघिशीचे वजन निम्मे होते.

सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट शेतात दाखवून दिली होती. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले, आणि परतल्यावर १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. देशात पीक किती आले हे तेव्हा नजरअंदाजाने, आण्यांच्या भाषेत ठरत असे. त्याऐवजी यादृच्छिक रीतीने शेते निवडायची, निवडलेल्या शेतात यादृच्छिक जागी एक लहानसा तुकडा आखायचा, तेवढ्या तुकड्यातले पीक कापून, मळून तोलायचे, आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पादन काढायचे, ही रीत त्या दशकात उभी राहिली. आपण तिला पीक कापणी प्रयोग म्हणून ओळखतो. शेतात तुकडा कुठे आखायचा हे आजही यादृच्छिक संख्यांच्या जोडीने ठरते. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने इतकी पावले, रुंदीच्या बाजूने इतकी पावले. म्हणजे आपला पुठ्ठाच, फक्त शेताएवढा. तलाठ्याने सोयीची, बांधाजवळची किंवा डोळ्यांत भरणारी जागा निवडू नये, यासाठी ही सगळी व्यवस्था.

प्रश्न आला तुकडा केवढा असावा याचा. कोलकात्याला प्राध्यापक महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बंगालमध्ये काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे वापरली. लहान वर्तुळ पटकन कापून होते, आणि तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणी जाता येते. दाणे जास्त, चढउतार कमी. सुखात्म्यांनी एकाच शेतात लहान आणि मोठे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६-४७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: तुकडा फार लहान असेल तर उत्पादन पद्धतशीरपणे जास्त दिसते. कारण दोरीवर आलेले ताट कापणारा आतले धरतो. हेतू वाईट नसतो. हाताशी आलेले, भरलेले कणीस बाहेर ठेवायला हात धजत नाही, इतकेच. लागले की आत!

हिशेब करून पाहा. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कडेने पाच सेंटिमीटरची पट्टी जास्त धरली गेली, तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते. पाच मीटर बाजूच्या चौरसात तीच पट्टी चारही बाजूंनी धरली, तर वाढ फक्त चार टक्के. महालनोबिसांचे म्हणणे होते, की माणसे नीट शिकवली, वर्तुळ अगदीच लहान ठेवले नाही आणि काळजी घेतली तर ही अडचण उरत नाही. वाद बराच रंगला. दोघेही मोठे संख्याशास्त्रज्ञ होते आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, पण कापणीला प्रत्यक्ष कोण जाणार आहे हे ध्यानात घेतले तर आमचे मत सुखात्म्यांकडे झुकते. पुढे बहुतेक राज्यांत बऱ्याच पिकांसाठी पाच मीटर बाजूचा चौरस रूढ झाला. उत्तर प्रदेशात दहा मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आखतात. बंगालने आपले वर्तुळ सोडले नाही.

हा कागदावरचा वाद नाही, हे ग्रामीण भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष उत्पादन किती कमी आले यावर भरपाई ठरते, आणि ते प्रत्यक्ष उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. दोरीवरची ताटे आत धरली गेली, तर मंडळाचे उत्पादन कागदावर फुगते आणि ज्याचे पीक खरोखर गेले त्याची भरपाई आटते. पुठ्ठ्यावरच्या १७ दाण्यांनी पाय थोडा फुगला, एवढेच झाले. शेतात तेच दाणे कोणाच्या तरी घरातले असतात. नववीच्या मुलांना पुठ्ठ्यावरची रेष दाखवून हे सांगितले तर त्यांना पटते, असा बाईंचा अनुभव आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोळ गावाकडे आहे.

पावसाचे थेंब

रेषेचा नियम सुधारूनही ३.१९ उरलेच होते. आम्ही चौरसाचे सोळा सारखे भाग पाडून प्रत्येक भागातले दाणे मोजले. मधल्या चार भागांत हजारातले २५० असायला हवेत, तेथे ३०९ निघाले. न बघता टाकायला सांगितले तरी हात मध्यावरच नेम धरतो. आणि मधले चार भाग जवळजवळ पूर्णपणे कंसाच्या आत येतात. ‘कुठेही’ टाकणे माणसाला जमत नाही, ही दुसरी अभिनती. मनात येईल ती संख्या सांगायला लावली तरी हेच होते. एक ते दहा मधली संख्या विचारा, वर्गात सात म्हणणारे किती निघतात ते पाहा.

संगणकही काही खरा नशिबावर चालत नाही. स्प्रेडशीटमधली यादृच्छिक संख्या म्हणजे ठरीव सूत्राने आधीच्या संख्येवरून काढलेली पुढची संख्या असते, आणि सूत्र वाईट असेल तर फसगत होते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर रँडू नावाचे असे सूत्र सर्रास वापरले जात असे. त्याच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सगळे फक्त १५ समांतर प्रतलांवर बसतात, हे पुढे उघडकीला आले. आजची सूत्रे पुष्कळ चांगली आहेत. ज्यांच्या शाळेत संगणक आहे त्यांनी ती जरूर वापरावीत. दोन स्तंभांत शून्य ते एकमधल्या यादृच्छिक संख्या घ्याव्यात, त्यांच्या वर्गांची बेरीज एकपेक्षा कमी आली तर बिंदू आत धरावा. दहा हजार ओळी क्षणात होतात.

पण बाईंना हातानेच करायचे होते, आणि जून तोंडावर आला होता. मुलांनी तपकिरी पुठ्ठ्यांवर ४० सेंटिमीटरचे चौरस आणि कंस काढून तयार ठेवले. पहिल्या सरी आल्या त्या दिवशी सगळे गच्चीवर धावले. पुठ्ठा जमिनीवर सपाट ठेवायचा, वर काही न धरता, पाण्याच्या टाकीपासून आणि कठड्यापासून दूर, पाच-सहा आकड्यांपर्यंत मोजायचे आणि उचलून जिन्यात पळायचे. थेंबांचे डाग वाळायच्या आत पेन्सिलीने प्रत्येक डागाच्या मध्यावर टिंब करायचे, मग निवांत मोजायचे. दोन पुठ्ठे भिजून वाया गेले. भुरभुर पावसात हा प्रयोग होत नाही आणि मोठ्या सरीत डाग एकमेकांत मिसळतात. सुरुवातीचे टपोरे थेंब मिळाले तरच जमते. वारा होता, पण त्याने बिघडत नाही. थेंब तिरपे आले तरी एवढ्याशा पुठ्ठ्यावर ते सगळीकडे सारखेच तिरपे येतात, आणि थेंबाला चौरसाचा मध्य कुठे आहे हे ठाऊक नसते.

पाच पुठ्ठे चांगले उतरले. एकूण टिंबे ६१२, आतली ४७४. पाय ३.१०, चढउतार ०.०७.

२.९६ वाली मुलगीही त्या दिवशी गच्चीवर होती. तिने विचारले, ‘‘काका, एवढे करूनही ३.१४ का नाही आले?’’ आम्ही तिलाच हिशेब करायला लावला. ३.१० मधून ०.०७ वजा केले की ३.०३, मिळवले की ३.१७. ३.१४ या दोहोंच्या मध्ये आहे. ती थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे माझे तेव्हाचेही चालेल.’’ बाईंनी शाळा सुरू झाल्यावर तिचे गुण बदलले. सात वह्यांवर त्यांनी लाल शाईने एकच प्रश्न लिहून त्या परत केल्या: अर्धा दाणा कुठे गेला?

या वर्षी बाईंनी प्रयोगाचा कागद नव्याने आखला आहे. एकूण किती टाकणार आणि रेषेवरच्यांचे काय करणार, हे दोन रकाने प्रयोगाच्या आधी शाईने भरायचे. उत्तराला गुण नाहीत. दहा गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायचे, त्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत किती अंतर पडले ते पाहायचे, आणि मगच बेरीज करायची. मोहरी वापरू नये, ती घरंगळते. तांदळापेक्षा साबुदाणा बरा, पण तो जाड पुठ्ठ्यावर उसळतो, तेव्हा खाली जुना टॉवेल घालावा.

वाचकांनी आपल्या वर्गात हा प्रयोग केला तर आम्हांला अवश्य कळवावे. नुसती पायची किंमत पाठवू नये. चौरस केवढा, एकूण किती, आत किती, रेषेवर किती आणि त्यांचे काय केले, एवढे लिहावे. शंभरावर ३.१४ आलेली पत्रेही आम्ही जपून ठेवू.